नव्या नावावरचं जुनं ‘नाही’

भर दुपारी मळभ इतकं दाटलं होतं की जिन्यात पायऱ्या चाचपत चढाव्या लागत होत्या. एक्याण्णव साल होतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटीतली गाळ्यांची इमारत. सगळी दारं सारखी, पाटी मात्र एकावरही धड नाही. शेवंती दुसऱ्या मजल्यावर थांबली. वरून एक किडकिडीत मुलगा चहाची किटली घेऊन उतरत होता.

“अहो, बॅटरीवाल्यांचं ऑफिस कुठं आहे? माझी मुलाखत आहे.”

“बॅटरी? असं कुणी नाही या बिल्डिंगमध्ये.”

“नक्की?”

“इथली भिंत न् भिंत ओळखतो मी,” तो म्हणाला आणि हसला. हसणं चांगलं होतं, म्हणून तिनं विश्वास ठेवला.

आजूबाजूच्या इमारती पालथ्या घालून ती परत आली, तेव्हा वॉचमनच्या खुर्चीमागं ओल्या रंगाची पाटी वाळत टेकवलेली दिसली. बॅटरी कंपनी. चौथा मजला. गेल्याच आठवड्यात आलेले लोक. ती धावत वर गेली तोवर मुलाखती आटोपून साहेब कपाट बंद करत होते.

खाली उतरताना एका दाराशी तीच किटली दिसली, तशी ती थेट आत शिरली.

“भिंत न् भिंत ओळखणारे तुम्हीच ना?”

तो खुर्चीतून उठलाच. “अहो... मागं एकदा कुणीतरी विचारलं होतं, तेव्हा खरंच नव्हतं ते ऑफिस...”

“म्हणून आज पण नाही? वर जाऊन बघायला पाय दुखत होते?”

आतल्या टेबलावरून मालक प्रभाकर मोठ्यानं हसले. “काय शिकलीस गं?”

“कॉम्प्युटरचा डिप्लोमा.”

“उद्यापासून ये. या हरिहरच्या चुका शोधायला मला माणूस हवंच होतं.”

आणि तीच तिची नोकरी झाली. हरिहर प्रोग्राम लिहायचा, शेवंती ते चालवून मोडायची.

ऑफिस छोटं होतं, काम मोठं होतं. संगणकाच्या आत फाईली कशा ठेवायच्या, कशा शोधायच्या, तो भाग ही माणसं लिहीत होती. संगणकाला फाईल लागते तेव्हा ती नावानं शोधावी लागते. डिस्क फिरते, यादी चाळली जाते, वेळ जातो. म्हणून एकदा शोधलेलं नाव संगणक जवळच लक्षात ठेवतो. ऑफिसात त्याला नेम कॅश म्हणत. गंमत अशी की फाईल सापडली नाही, तर ते ‘नाही’सुद्धा तो लक्षात ठेवतो. पुन्हा कुणी विचारलं तर डिस्कपर्यंत न जाता जागच्या जागी सांगतो, नाही.

“अगदी तुमच्यासारखा आहे,” शेवंती म्हणाली.

“मीच लिहिलाय,” हरिहर म्हणाला. “माणूस स्वतःसारखंच लिहितो.”

“मग देवच वाचवो गिऱ्हाइकाला.”

“देव कशाला? तू आहेस ना.”

तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. दुपारी डबा उघडताना तो विचारायचा, “आज काय? बोंबील?” ती सुक्या जवळ्याची चटणी त्याच्या पोळीवर ठेवायची. तो शाकाहारी घरातला, ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समधला. पहिल्या दिवशी पोळीकडं नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, तरी खाल्ली.

“तिखट आहे?”

“नाही... छान आहे...”

“खोटारडा.”

त्याच वर्षाच्या शेवटी, ऑफिस सुटल्यावर, रस्त्याच्या कडेला धूर आणि धुकं एकत्र झालेलं असताना त्यानं तिला विचारलं. फार बोलला नाही. “शेवंती, आपण लग्न करायचं का?” एवढंच.

शेवंतीचे वडील त्याच वर्षी होळीच्या आसपास गेले होते. खाडीवर गेलेली होडी दुसऱ्यांनी ओढत आणली होती. चेंदणी कोळीवाड्यातलं घर आईच्या मासळीच्या टोपलीवर आणि हिच्या पगारावर उभं होतं. धाकटा भाऊ काळुराम अजून शिकत होता. तिच्या मनात हो होतं, पण त्या ‘हो’च्या मागं घरातली चूल विझलेली दिसत होती.

“नाही,” ती म्हणाली. “आणि हरिहर... परत विचारू नकोस.”

“बरं,” तो म्हणाला.

आणि त्यानं परत विचारलं नाही. रागावला नाही, नोकरी सोडली नाही. काम तसंच, मदत तशीच. फक्त ‘तू’चं पुन्हा ‘तुम्ही’ झालं, आणि डबा तो खिडकीकडं तोंड करून खाऊ लागला.

दिवस गेले. काळुराम आयटीआय करून कारखान्यात लागला. घराला श्वास आला. शेवंतीच्या ओठांवरचं ‘नाही’ कधीच गळून पडलं होतं, पण ते हरिहरला कसं दिसणार? तिनं अबोलीचा गजरा घातला. त्यानं पाहिला आणि मान खाली घातली. तिनं चटणीचा डबा पुढं सरकवला. “नको, तुम्हाला पुरायची नाही,” तो म्हणाला. ती म्हणाली, “आज लवकर निघायचं का, तलावपाळीपर्यंत चालत...” त्यानं छत्री तिच्या हातात दिली. “तुम्ही व्हा पुढं. मला टेस्ट लावायची आहे.”

तो तिचं जुनं उत्तर पाळत होता. इतक्या सभ्यपणे की तिला रडू यायचं.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात, सगळं शहर बुरशीच्या वासात असताना, कल्याणच्या एका पतपेढीतून तक्रार आली. एका खिडकीवरचा कारकून नव्या खातेदाराची फाईल बनवतो आणि शेजारच्या खिडकीवर संगणक सांगतो, अशी फाईल नाही. फाईल तर डिस्कवर आहे! खातेदार समोर उभा, आणि मशीन म्हणतं, हा माणूसच नाही.

दोघं टेबलाला टेबल लावून बसले. शोधता शोधता शेवंतीनंच धागा पकडला. “कारकून आधी कच्च्या नावानं फाईल बनवतो. सगळं तपासलं की मग तिला खरं नाव देतो. नाव बदलताना काय पुसतोस... पुसता तुम्ही?”

“जुनं नाव. ते कॅशमधून काढतो.”

“आणि नवं नाव? त्या नावानं आधी कुणी विचारून गेलं असेल तर?”

हरिहर पडद्याकडं बघत राहिला. “तर तिथं ‘नाही’ लिहिलेलं असणार. आणि ते मी पुसतच नाही.”

“का नाही पुसत?”

“कारण नवं नाव दुसऱ्या कप्प्यात असतं, आणि कप्प्यात बदल करायचा तर आधी त्याचं कुलूप हातात घ्यावं लागतं, म्हणजे मध्येच दुसरं कुणी ढवळत नाही. एक कुलूप हातात असताना दुसरं मागायचं, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी ते दुसरं धरून माझं पहिलं मागितलं तर? दोघंही थांबून राहतात. कुणी हात सोडत नाही, कुणी पुढं सरकत नाही. सगळं मशीन गप्प होतं.” त्यानं डोळे चोळले. “त्या भीतीनं मी ते टाळलं.”

“मग उपाय?”

“सगळ्यांनी ठरलेल्या क्रमानं कुलपं घ्यायची. वरचा कप्पा आधी. तसं केलं की अडत नाही.” तो लिहू लागला, आणि लिहिता लिहिता, तिच्याकडं न बघता म्हणाला, “शोधणाऱ्याचा दोष नाही यात. त्याला एकदा नाही म्हणून सांगितलंय, तो तेच धरून चालणार. ज्यानं बदललं, पुसायचं काम त्याचं.”

ते शेवटचं वाक्य शेवंती घरापर्यंत मनात घोळवत गेली.

घरी आल्यावर तिला जेवण गेलं नाही. आई, मनुबाई, सुकत घातलेले बोंबील घरात घेत होती.

“काय गो, तोंड का पारलंय?”

शेवंतीनं सगळं सांगितलं. मनुबाईनं कपाळावर हात मारला.

“नाय तू बोललीस ना? आनि तो गप बसला तर तुला राग? मंग काय त्यानं रोज दारात येवन उभं र्‍हावाचं? चांगल्या घरचा पोर हाय, म्हनून गप हाय. जा, तूच सांग त्याला.”

“लाज वाटते गं आई.”

“नाय बोलताना नव्हती ती!”

दुरुस्त केलेला प्रोग्राम घेऊन दोघं कल्याणला गेले. पतपेढीत फाईल बनवली, नाव बदललं, शेजारच्या खिडकीवर ती लगेच दिसली. कारकुनानं टाळी वाजवली. बाहेर आभाळ राखेसारखं होतं. दुर्गाडी किल्ल्याच्या खाली खाडीचं पाणी गढूळ, जड, हलतं आहे की नाही कळत नव्हतं. शेवंती कठड्यापाशी थांबली.

“हरिहर, मी तेव्हा नाही म्हटलं होतं.”

“आठवतंय.”

“ते आता तसं नाही. खूप दिवस झाले... तसं नाही. मला सांगायला हवं होतं. मी वाट बघत बसले, तू विचारशील म्हणून.”

तो पाण्यावरून उडून पलीकडं बसलेल्या बगळ्याकडं बघत होता.

“तूच म्हणाली होतीस, परत विचारू नकोस.”

“हो.”

“गेल्या गुरुवारी आई टिटवाळ्याला शब्द देऊन आली. मीही गेलो होतो. सगुणा नाव आहे तिचं.” त्यानं कठडा घट्ट धरला. “शेवंती, मी उद्या जातो. सांगतो त्यांना...”

“थांब. कशी आहे ती?”

“कशी म्हणजे... पायानं थोडी अधू आहे. खूप जणांनी बघून नकार दिलेला. निघताना दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, घरी जाऊन निरोप तर नाही ना पाठवणार, जमत नाही म्हणून?”

“तू काय म्हणालास?”

“म्हणालो, नाही पाठवणार.”

शेवंतीनं डोळे मिटले. नकार ऐकल्यावर माणूस कसा खिडकीकडं तोंड करून जेवतो, ते तिनं रोज पाहिलं होतं.

“मग नको पाठवूस,” ती म्हणाली.

“तुझं काय?”

“मला तू नुसतं विचारलं होतंस. तिला तू शब्द दिलायस.”

“मी एकदा जरी परत विचारलं असतं...”

“तर हो म्हटलं असतं मी. तिथंच, रस्त्यात, सगळ्यांसमोर.” ती पाण्याकडं वळली. “तुला निदान खरं कळायला हवं होतं. एवढंच.”

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. पहिल्यांदाच. गार होता. तिनं तो थोडा वेळ राहू दिला, मग आपणच काढून घेतला.

एसटी स्टँडवर ठाण्याची गाडी लागली होती. ती खिडकीपाशी बसली. तो खाली उभा, गजांना धरून. ठाकुर्लीचं घर त्याला इथून जवळ होतं. कंडक्टर तिकिटाची पेटी वाजवत आला, त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं.

“ठाणे दोन ना, ताई? साहेबांना वर बोलवा, गाडी सुटतेय.”

गजांवरची हरिहरची बोटं घट्ट झाली. तो काही बोलणार होता. शेवंतीनं त्याच्याकडं पाहिलं आणि ‘नाही’ अशी मान हळूच हलवली.

“एकच द्या,” ती म्हणाली.