पाऊलखुंटी

सकाळी भांगलणीला, म्हणजे तण काढायला निघण्याआधी हौसाक्का डुबल यांनी मोबाइल पाहिला. त्या शेतकरी नाहीत, असे त्यांच्याच शेताने कळवले होते. सलग दुसऱ्या हंगामात.

शेतांना वाचा फुटली होती ती पाऊलखुंटीमुळे. अंगठ्याएवढी ही खुंटी बांधाशी पुरायची. मातीतून जाणाऱ्या कंपनांवरून ती माणूस ओळखते, कारण प्रत्येकाच्या पावलाचा भार आणि लय वेगळी असते, सहीसारखी. हेतू उदात्त होता. सातबाऱ्यावर नाव ठेवून शहरात बसणाऱ्यांना अनुदान जाऊ नये, राबणाऱ्यालाच मिळावे. ज्याची पावले निम्म्याहून जास्त, तो शेतकरी; बाकीचे मजूर.

कोरणेवाडीत मात्र पैरा चालत असे. आज सगळ्यांनी मिळून तुमचे रान उरकायचे, उद्या माझे. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. त्यामुळे कुठल्याच रानात कुणाचीच पावले निम्म्यावर गेली नाहीत. वाडीत शेती भरपूर आहे, शेतकरी नाहीत, असा निष्कर्ष यंत्रणेने शांतपणे काढला.

अपवाद पोतनीस साहेबांचा. रक्तातली साखर वाढली म्हणून ते पुण्याहून येऊन राहिले होते आणि आपल्या पडीक रानात रोज एकटेच फेऱ्या मारत. त्यांना अनुदान मिळाले, वर आदर्श शेतकऱ्याची शाल.

कृषी सहायक मोमीन भला माणूस. त्यांनी चहा घेत समजावले की तिसऱ्यांदा असे झाले, तर कसणाऱ्यांतून नाव जाईल आणि जमीन एका व्यवस्थापन कंपनीकडे जाईल. तेव्हा पैरा सोडा, ज्याने त्याने आपले रान एकट्याने करा. वाडीने मान डोलावली. दुसरे काय डोलावणार?

आक्कांच्या गुडघ्याची वाटी झिजलेली. म्हणून शेजारचा निवास त्यांच्या चपला घालून, त्यांचा मोबाइल खिशात टाकून, त्यांचे सोयाबीन भांगलून आला. संध्याकाळी संदेश आला: पाऊल आपले वाटत नाही. आजारपणात वजन वाढले असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडावा, अन्यथा तोतया समजण्यात येईल. यापुढे एकही परके पाऊल आढळल्यास नाव कमी होईल. वाडी पोट धरून हसली. आक्काही हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून एकट्याच रानात जाऊ लागल्या.

काढणीच्या तोंडावर, भर उन्हात, त्या सरीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. लोकांना वाटले, दम खातायत. मग खुरपे हातातून गळाले. बांधावर गर्दी झाली. आत कुणी गेले नाही.

निवासने मोमीनना फोन लावला. ते घाबरले. माणूस उचलायला गेलेले पाऊल कशात धरायचे, याची सोय यंत्रणेत नव्हती. वर विचारून कळवतो, म्हणाले. तोवर काय करायचे ते सांगितले नाही.

आक्कांनी मान थोडी वळवली. हात हलवला, या म्हणून की थांबा म्हणून, कळेना. इतकी वर्षे सगळ्यांची पायवाट असलेल्या त्या रानावर निवासने एक पाय उचलून धरला होता.

"आक्का," तो म्हणाला, "तूच सांग. रान वाचवू का तुला?"