बिनकुलपाची किल्ली

संपादकांनी माझी तीस पानं परत पाठवली, तेव्हा समासात एवढंच लिहिलं होतं, 'तुमचा किल्लीवाला कानस पेनासारखी धरतो.' मला राग आला. राग आला म्हणजे बोलणं खरं होतं, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. पंचवीस वर्षं कादंबऱ्या लिहिते आहे. एकीसाठी भट्टीपुढे उभी राहून पाव भाजले आणि भुवया जाळून घेतल्या, दुसरीसाठी दोन महिने छापखान्यात खिळे जुळवले. स्वतःच्या हाताला फोड आल्याशिवाय माझ्या पात्रांच्या हाताला काम करता येत नाही. या खेपेला मात्र घरबसल्या लिहून टाकायला गेले आणि तोंडावर आपटले.

घरी बसण्याचं कारण आई. ती एकोणऐंशी वर्षांची. दोन्ही खांदे आखडलेले, हात कानाच्या वर जात नाहीत. काठी टेकत न्हाणीघरापर्यंत जाते, तेवढंच तिचं चालणं. घरात आम्ही दोघीच. बाहेर जायचं तर दाराला बाहेरून कुलूप लावायचं, फोन तिच्या उशाशी ठेवायचा आणि जीव टांगणीला लावून निघायचं. मला आईही सांभाळायची होती आणि कादंबरीही सोडवत नव्हती. दोन्ही एकदम होत नाही हे कळत होतं, पण मला दोन्ही हवं होतं.

"दुपारचे तीन तास, आई. रोज. महिनाभर."

"जा की. मी काय पळून जाणार आहे?" ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

अशी मी किल्लीवाल्याकडे जाऊ लागले. दोन इमारतींच्या मधल्या बोळात त्यांचं दुकान, रुंदी जेमतेम एका माणसाची. आत शिरलं की तेलाचा आणि घासलेल्या पितळेचा वास. काका साठीचे, कमी बोलणारे, भिंग कपाळावर चढवून नंतर दिवसभर तेच शोधणारे. मी कोण, कशाला आले, हे त्यांनी निमूट ऐकून घेतलं. मग एक कोरी किल्ली पकडीत आवळून माझ्या हातात कानस दिली.

"लिहू नका ताई. घासा."

पहिल्या आठवड्यात मी फक्त पितळ वाया घालवलं. दुसऱ्या आठवड्यात हाताला वळण लागलं. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची, आणि आवाज बदलला की थांबायचं. काका एखादी जुनी किल्ली समोर ठेवत आणि मी तिचे दाते कोऱ्या किल्लीवर उतरवत असे. रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी ते मी त्या दुपारी घासलेल्या सगळ्या किल्ल्या गोळा करत आणि एकेकीचे दाते घासून सपाट करत. एकही शिल्लक ठेवत नसत.

"चांगली झालेली तरी ठेवा की," मी एकदा म्हणाले.

"कुलूप नाही ना तिला."

"मग काय बिघडलं?"

त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं. "कोरी असते तोवर ती नुसतं पितळ असते. दाते पडले की ती कुणाची तरी झाली. कुणाची नसली तर ती स्वतःच कुणाला तरी शोधते. आमच्यात अशी किल्ली रात्रभर ठेवत नाहीत."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. असं वाक्य घरी बसून सुचलं नसतं! बसमध्ये बसल्याबसल्या वहीत उतरवून घेतलं. त्यात काही ऐकण्यासारखं असेल, असं मात्र वाटलं नाही.

सतराव्या दिवशी मी समोर नमुना न ठेवता किल्ली घासली. माझ्या कादंबरीतला माणूस तसंच करतो, मनातलं घर डोळ्यांपुढे आणून. मीही आणलं. एक दार, आत एक म्हातारी बाई वाट बघत बसलेली, आणि बाहेर कसलीच घाई नसलेली तिची मुलगी. हात आपोआप चालला. किल्ली इतकी सुबक उतरली की मला ती मोडवेना. इतक्या वर्षांत मी एक कागद फेकलेला नाही, ही कशी फेकणार? संध्याकाळी काकांच्या हातात दुसरीच एक टेकवली आणि ही पर्समध्ये टाकली. घरी आल्यावर लिहायच्या टेबलावर, दौतीशेजारी ठेवली.

पुढे जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, हे आधी सांगून ठेवते. अंधाराच्या नावावर काही ढकलता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला घरी आले, तर आईची वेणी घातलेली. घट्ट, सरळ, टोकाला काळी दोरी. सकाळी मी घाईत नुसते केस बांधले होते.

"वेणी कुणी घातली?"

"कुणी म्हणजे? तू." आई हसली. "दुपारी नाही का आलीस."

वय झालं, असं म्हणून मी विषय सोडला. पण तिचे हात कानाच्या वर जात नाहीत, हे स्वयंपाक करताना सारखं आठवत राहिलं. त्यानंतर दोन दिवसांनी तिची नखं कापलेली होती, कापलेली नखं कागदाच्या पुडीत बांधून उशाशी ठेवलेली. मग चादर बदललेली. शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे कुठे आहे?"

"आई, दुपारी कोण येतं?"

"किती वेळा विचारशील?" ती वैतागली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "दुपारी बरी असतेस तू. बसतेस, ऐकून घेतेस. संध्याकाळी आलीस की नुसती चिडचिड..."

हे ऐकून भीती नंतर वाटली, आधी वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, हेवा वाटला.

त्या संध्याकाळी टेबलावरची किल्ली उचलली, तर ती कोमट होती, कुणीतरी आत्ताच मुठीतून खाली ठेवावी तशी. मी बाहेर जाऊन आमच्या कुलपात ती घातली. घातली म्हणजे तिनंच वाट काढली. माझी खरी किल्ली अडते, थोडी हलवावी लागते. ही लोण्यासारखी फिरली. दोन्ही शेजारी धरून पाहिल्या, तर दाते एकमेकींशी जराही जुळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी निघाले ती थेट दुकानात, किल्ली रुमालात गुंडाळून. सगळं कबूल केलं. काका रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत, त्यानंच मी जास्त घाबरले. त्यांनी किल्ली भिंगाखाली धरली.

"कधी केलीत ही?"

"नऊ दिवस झाले."

"दाते झिजलेत," ते हळूच म्हणाले. "एवढं झिजायला वीस-पंचवीस वर्षं जावी लागतात."

बोळात कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"घासून टाका, काका. आत्ता."

"टाकीन. पण आधी एक सांगा... ती आत्ता कुठे आहे? आत की बाहेर?"

"म्हणजे?"

"ती दारातून येत नाही, या किल्लीतून येते. ती बाहेर असताना दाते गेले, तर प्रश्न मिटला. आत असताना गेले..." त्यांनी किल्ली माझ्याकडे सरकवली. "तिला जायला वाट उरणार नाही. घर बघून या. सगळं बघा. मग घासू."

मी दुकानातून घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग आईनं उचलला.

"काय गं? इथेच तर आहेस. फोन कशाला करतेस?"

रस्ता कसा कापला ते आठवत नाही. दार उघडलं तेव्हा साडेचार वाजले होते, ऊन आतपर्यंत आलेलं होतं. आई कॉटवर टेकून बसलेली, एकटी. तिच्या बाजूला पलंगपोसाला खळगा पडला होता, कुणीतरी बसून उठल्यासारखा. "कुठे गेली?" मी विचारलं. आई माझ्याकडे बघतच राहिली. मी कॉटखाली पाहिलं, कपाटात पाहिलं. न्हाणीघर, स्वयंपाकघर, गॅलरी, पडद्यांच्या मागे. माझ्या लिहायच्या खोलीचं दार बंद होतं. ते मीच बंद ठेवते, आईसुद्धा तिकडे जात नाही. तिथे मी सोडून कोण असणार, असं वाटलं आणि मी पुढे गेले. लवकर संपवायचं होतं.

"पाहिलं," मी परत जाऊन काकांना म्हणाले. "कुणी नाही."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी किल्ली पकडीत आवळली. कानशीच्या सात-आठ हातांत दाते गेले. मला हायसं वाटलं, इतकं की मी तिथेच स्टुलावर बसून रडले. काकांनी पाणी दिलं आणि कधी नव्हे ते माझ्या खांद्यावर थोपटलं.

मी कादंबरी बाजूला ठेवली. संपादकांना कळवून टाकलं. लिहायच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, सगळ्या दुपारी आईजवळ बसले. तिचं ऐकलं, पाय चेपले, चादर बदलली. आई गप्प गप्प असायची. माझा हात जड आहे, एवढंच म्हणाली. मी मनाशी म्हटलं, होईल सवय. आई माझी आहे, मी तिची आहे, यात तिसरं कुणी नाही.

चौथ्या दुपारी मी तिच्या मागे बसून वेणी घालत होते. बाहेर ऊन होतं, गल्ली झोपलेली. वेणीच्या अंबाड्यासाठी केसांचे तीन आकडे काढून मी ते दातांत धरले होते. पेड निम्म्यापर्यंत आले तेव्हा लिहायच्या खोलीतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. अगदी साधा, रोजचा आवाज. मी उठते तेव्हा होतो तसा.

माझे हात थांबले. आईनं मान वर केली. मागे माझ्याकडे न वळता, त्या खोलीच्या बंद दाराकडे बघत तिनं मला लहानपणीच्या नावानं हाक मारली. त्या नावानं तिनं मला कित्येक वर्षांत बोलावलं नव्हतं.

"आले गं, आई," उत्तर आलं. आवाज माझा होता. तीन आकडे माझ्या दातांत होते.

आईनं हळूच आपले केस माझ्या हातातून सोडवून घेतले आणि दाराकडे सरकून बसली. आतून पावलं येत होती, कसलीच घाई नसलेली.

"तुझी कामं असतील ना," आई मला म्हणाली. परक्या बाईशी बोलावं तशी, सौम्यपणे. "तू जा आता. माझी मुलगी आहे घरात."