शिट्टी न झालेली फेरी

या, ओट्यावर सरकून बसा. राजदीप, तो मोबाइल उलटा ठेव, उजेड डोळ्यांत घुसतो. आणि तेजस, तू पुण्याला शिकतोस म्हणून आधीच हसू नकोस. गोष्ट संपल्यावर हस, तुझा नथ्थूनाना तुला अडवणार नाही. हे मी आधारच्या तोंडून ऐकलंय. आधार म्हणजे खालच्या आळीतला, मारुतीच्या देवळाशेजारचा. माझ्या वयाचा आहे म्हणून मी आधार म्हणतो, तुम्ही आधारबाबा म्हणा. दारू नाही, तंबाखू नाही, आणि खोटं बोलायचं झालं तर आधी त्याला घाम फुटतो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे आपल्या कानबाई देवीचा दिवस. घराघरात कानबाई बसलेली, पुरणाचे जाड रोट आणि खीर झालेली, बायकांची गाणी सुरू. आता रोटाचं तुम्हाला सांगायला नको, पण आजकालच्या पोरांचा भरवसा नाही म्हणून सांगतो. कानबाईचा रोट भाऊबंदांतच खायचा. परक्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. का? तर ज्यानं रोट खाल्ला तो घरचा झाला. मग त्याला नाही म्हणता येत नाही.

आधारचा धाकटा भाऊ चिंधा धुळ्याला होता. देवपुराच्या अलीकडे, मुलाच्या घरी. मुलगा सुरतेला कामाला, घरात सून शीतल आणि हा. साखरेच्या दुखण्यात चिंधाच्या उजव्या पायाचा अंगठा कापावा लागला, वर लकवा मारला. वर्षभर खाटेवरून उठला नव्हता. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता घरीच ठेवा. त्या सकाळी शीतलनं फोन कानाला लावून दिला तर चिंधा एवढंच बोलला, "भाऊ, यंदा रोट मिळी का रे माले?"

"मी स्वता लई येसू," आधार म्हणाला. "तू फक्त जागा ऱ्हाय."

नैवेद्य झाल्याशिवाय रोट हलत नाही, म्हणून निघायला संध्याकाळ झाली. त्याच्या बायकोनं, लिलाबाईनं, एकच रोट स्वच्छ फडक्यात बांधून दिला आणि दारात बजावलं, "वाटमा कोनले दिऊ नका. तो चिंधाभाऊनाच शे." आधारनं मान हलवली, फडकं सदऱ्याच्या आत पोटाशी धरलं आणि नरडाण्याहून मिळाली ती शेवटची गाडी पकडली.

धुळ्याच्या तोंडाशी उतरला तेव्हा नऊ वाजत आले होते. भुरभुर पाऊस. चिंधाच्या घराकडे जाणारा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला, गुडघाभर पाणी. वळसा घालायचा तर फार लांब. मधे एक मोकळा प्लॉट होता, तो ओलांडला की समोर चिंधाची गल्ली. आधार त्या प्लॉटपाशी थांबला, आणि त्याला बरं वाटलं. का, ते ऐका.

त्या प्लॉटवर पूर्वी स्केटिंगची रिंक होती. चांदणी स्केटिंग. बन्सीलाल शेठनं बांधलेली. तुम्ही पाहिली नाही, तुमच्या बापांनी पाहिली. मोझेकची लंबगोल फरशी, इतकी गुळगुळीत की त्यात ट्यूबलाइट दिसायच्या. भोवती लोखंडी पाइपाचा कठडा, वर पत्रे, बाजूला भिंती. चाकाचे बूट भाड्यानं घ्यायचे आणि फिरायचं. धुळ्यातलं जग लोटायचं तिथं. आणि गेटवर शिट्टी घेऊन कोण उभा? आपला आधार. ऐन जवानीत, बेलबॉटम घालून. हस, आता हस तेजस.

त्याचं काम सोपं पण कडक. लोक आत आले की गेटचा आडणा, म्हणजे आडवा लोखंडी दांडा, लावायचा, मग फेरी सुरू. सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं, कठडा उजव्या हाताला. मधेच कुणी आत नाही, मधेच कुणी बाहेर नाही, नाहीतर टकरी होऊन डोकी फुटायची. आधारनं लांब शिट्टी मारली की फेरी संपली. आडणा निघाला. शिट्टीशिवाय गेट उघडायचं नाही, मग आतून कुणी रडो की ओरडो. शेठचा मुलगा एकदा रडत आला तरी आधारनं उघडलं नव्हतं.

पुढे दिवस बदलले. गिऱ्हाईक आटलं, रिंक बंद पडली, बारा-चौदा वर्षांपूर्वी पाडली. पाडायला सातपुड्याकडची माणसं आली होती, त्यांत सुकलाल आणि धनीबाई नावाचं जोडपं. त्यांची सात-आठ वर्षांची पोर. त्या पोरीला मलब्यात एक चाकाचा बूट सापडला. एकच. दुसरा कुठे मिळेना. तिनं तो सुतळीनं पायाला बांधला आणि रोज संध्याकाळी त्या फरशीवर फिरायची. एक पाय चाकावर, दुसऱ्या अनवाणी पायानं ढकलायचं. एका संध्याकाळी ती फिरत असताना भिंत आत कोसळली... पोर त्याखाली मेली, आणि तिला तशीच घेऊन ते दोघं गावी निघून गेले. पायातला तो बूट मात्र सापडला नाही. धनीबाई म्हणे अंधार पडेपर्यंत विटा उचलून शोधत होती.

मग प्लॉट कोर्टात अडकला. भिंती नाहीत, पत्रे नाहीत, कठडा भंगारात गेला. उरली ती फक्त फरशी. चारी बाजूंनी मोकळी. कुणीही कुठूनही जावं.

पण आधार कुठूनही कसा जाईल? वीस वर्षं ज्यानं गेट सांभाळलं, त्याचे पाय आपोआप गेटाच्या जागेवर गेले. तिथून तो आत शिरला. आणि मागे वळून, सवयीनं, हात उचलून आडणा लावल्यासारखं केलं. तिथे आडणा नव्हता, गेट नव्हतं, नुसता पाऊस होता. स्वतःच्या वेडेपणाचं त्याला हसूही आलं.

आणि आवाज आला. खट्.

आधार दचकला. मग म्हणाला, असेल कुठे पत्रा. मोबाइलची बॅटरी लावली आणि चालू लागला. समोर चिंधाच्या गल्लीतला दिवा दिसत होता. पन्नास-साठ पावलांचं अंतर. चालला. चालला. दिवा समोर होता तो उजवीकडे गेला. मग पाठीशी गेला. मग पुन्हा समोर आला.

तो थांबला. सरळच तर चालतोय आपण, त्यानं स्वतःला सांगितलं. दिव्यावर नजर रोखून पुन्हा निघाला. पाय वळत होते. त्याला कळत होतं की वळताहेत आणि त्याला ते सरळ करता येत नव्हते. वैतागून त्यानं फरशीच्या काठाकडे उडी मारल्यासारखी धाव घेतली, आणि पोटात काहीतरी आडवं लागलं. गार. गोल. लोखंडी. बॅटरी मारली तर समोर काही नाही. पाऊस आणि गवत. हात पुढे केला तर पाइप. वाकला तर खाली दुसरा पाइप. वर पाय टाकायला गेला तर पाय वर जाईना.

तेव्हा आधारला कळलं. आडणा त्यानंच लावला होता. फेरी सुरू झाली होती. आणि शिट्टी झाल्याशिवाय गेट उघडत नाही, हा नियम त्याच्याइतका कुणाला ठाऊक?

त्यानं दोन बोटं तोंडात घातली. नुसती हवा. कवळी घरी, फडताळात. घाईत विसरलेली. पुन्हा फुंकलं. फुस्स. त्यानं शीतलला फोन लावला, लागेना. "शीतल!" म्हणून ओरडला. समोरच्या गल्लीत कानबाईची गाणी चालली होती, त्याला स्पष्ट ऐकू येत होती, पण त्याचा आवाज त्याच्याच कानाशी थांबत होता. चिंधा जागा असेल. चिंधा वाट बघत असेल. आणि आपण इथे, हाकेच्या अंतरावर, गोल गोल. त्याला रडू फुटलं. साठी उलटलेला माणूस, मोकळ्या मैदानात कोंडून रडत होता.

मग मागून आवाज आला.

घर्रर्र... टप.

घर्रर्र... टप.

त्यानं मागे पाहिलं नाही. आवाज जवळ आला. बाजूनं गेला. लांब गेला. वळला. पुन्हा मागून.

घर्रर्र... टप.

या खेपेला शेजारी थांबला.

"बाबा, काय शे त्यामा?"

लहान आवाज. आधारचा हात फडक्यावर घट्ट झाला.

"रोट शे. कानबाईना."

"माले दी ना."

"तुन्ही माय कोठे शे, बेटा?"

"गयी."

"कोठे गयी?"

चाक जागच्या जागी जरा घरंगळलं.

"माले सोडी गयी... भूक लागनी, बाबा."

आधार मला म्हणाला, नथ्थू, त्या वेळी भीती गेली रे. लिलाबाईचं बोलणं आठवलं, तरी फडकं सोडलं. रोट मोडला. अर्धा चिंधाचा ठेवला. अर्धा अंधारात पुढे केला. बोटांना बोटं लागली. ओली. थंडगार. खाण्याचा आवाज आला, लहान पोरं खातात तसा.

मग...

"आते मी तुमना घरनी."

खट्.

आडणा निघाला. आधार पळाला. मागे पाहिलं नाही. गल्ली, पायऱ्या, दार. शीतलनं दार उघडलं तर हा नखशिखांत भिजलेला, छातीशी अर्धा रोट.

चिंधा जागा होता. डोळे दाराकडेच. आधारनं खाटेवर बसून रोटाचा घास दुधात कुस्करून भरवला. चिंधा खाताना हसला, म्हणे, वर्षात पहिल्यांदा. आधारला सगळं भरून पावलं. आलो, पोचलो, भावाच्या तोंडात रोट पडला.

मग चिंधा त्याच्या खांद्यावरून मागे बघायला लागला.

"हाई पोर कोन शे?"

आधारनं दुधाची वाटी खाली ठेवली.

"तुन्हा मांगे उभी शे ती. ये बेटा, बैठ आठे... तिन्हा एक पायमा काय बांधेल शे रे?"

"काका," शीतल हळूच म्हणाली, "बाबा कुणाशी बोलताहेत?"

आधारला मान वळवता आली नाही. चिंधानं चादरीबाहेर हात काढला. जो हात वर्षभर हलला नव्हता, तो. हवेत धरला. मुठीत काहीतरी घेतल्यासारखी बोटं मिटली.

"ती म्हनस, चाल फिराले."

एवढंच.

पहाटे चिंधा गेला. पाऊस तेव्हाच थांबला होता. खाटेवरच होता, चादर पांघरलेली, हाताची मूठ तशीच. सुरतेहून मुलगा आला, दुपारी सगळं उरकलं. गल्लीगल्लीतून कानबाई विसर्जनाला निघाल्या होत्या, वाजंत्री वाजत होती, आणि आधार एकटाच त्या प्लॉटकडे गेला. या वेळी तो आत शिरला नाही. कडेला उभा राहिला.

रात्रीच्या पावसानं फरशी धुऊन निघाली होती, आणि तिच्यावर चिखलाची पावलं वाळत होती. एका लहान अनवाणी पायाची. त्या पावलांशेजारी चाकांच्या दोन बारीक रेघा. आणि त्यांच्या शेजारी मोठ्या माणसाची पावलं, दोन्ही पायांची, नीट टाकलेली. उजव्याला अंगठा नव्हता.

आधारनं दोन बोटं तोंडात घातली. नेट लावून फुंकलं. नुसती हवा.

पावलं पूर्वी कठडा होता त्या कडेकडेनं गेली होती. गोल. मग पुन्हा गोल. पुन्हा. एकावर एक.

गेटाच्या जागेकडे त्यातलं एकही वळलेलं नव्हतं.