विंडहुकच्या चढावर घेतलेलं नाव

ही गोष्ट खरी आहे. मी त्यात पदरचं काहीही घातलेलं नाही.

ज्याच्या बाबतीत घडली तो शिरीष माझा आतेभाऊ. जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. देवापुढे हात जोडतानाही "आईनं सांगितलंय म्हणून" असं म्हणणारा माणूस. थापा मारणं त्याला जमत नाही, लहानपणापासून जमलेलं नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, अमावास्या लागते असं आपण धरून चालतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं.

चौदा जून, शनिवार. दुपारचे पावणेदोन. बाहेर लख्ख ऊन होतं.

शिरीष आपल्या स्वयंपाकघरात उभा होता. आणि जे घडत होतं ते जवळजवळ आठ हजार किलोमीटर लांब, नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकमध्ये.

त्याची बायको अरुंधती ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी आठवडाभर तिकडे गेली होती. सोबत अश्लेषा नावाची एक सहकारी होती. रविवारी संध्याकाळी परतीचं विमान, म्हणून शनिवार मोकळा.

अरुंधतीला फिरायचं वेड आहे, आणि तेही आडवाटेनं. कुठल्याही शहरात गेली की सगळे प्रवासी बघतात ते ती तासाभरात उरकून टाकते. मग जिथे कुणी पाहुणा फिरकत नाही अशा भागात पायी हिंडते. तिथली माणसं दुपारी काय खातात, दोरीवर काय वाळत घालतात, दारात कोणती झाडं लावतात, हे तिला बघायचं असतं.

त्या दिवशीही तिनं दहाच्या आत टेकडीवरचं जुनं चर्च बघितलं, शेजारचं म्युझियम बघितलं. मग शेअर टॅक्सीनं कातुतुरा नावाच्या वस्तीतल्या बाजारात गेली. मांस भाजण्याच्या धुरातून वाट काढत तिनं स्वतःपुरते तळलेले गोड गोळे शोधून काढले आणि शिरीषला फोटो पाठवला. आपल्या गुलगुल्यांची आफ्रिकेतली बहीण भेटली, असं खाली लिहिलं होतं. अश्लेषाचं डोकं उन्हानं चढलं होतं, ती बाजारातूनच हॉटेलवर परतली.

अरुंधती एकटीच पुढे निघाली, आणि इकडे शिरीषचा जीव टांगणीला लागला.

तसा तो काळजीखोरच. ती गाडी चालवत असली तरी शेजारी बसून गिअर हाच सांगणार. त्यानं तिला अटी घातल्या. लोकेशन चालू ठेवायचं. इअरफोन कानात ठेवायचे. आणि रस्ता कुणालाही विचारायचा नाही.

"मी इथे नकाशा उघडून बसलोय. मी सांगेन तसंच चालायचं."

"बरं, साहेब," ती हसून म्हणाली होती.

हे एक वाक्य आपण बोललो नसतो तर, असं तो आजही म्हणतो.

ओट्यावर कुकर लावलेला, शेजारी टॅबलेटवर नकाशा, नकाशावर सरकणारा निळा ठिपका. फोन स्पीकरवर. नऊ वर्षांची वल्लरी तिच्या खोलीत चित्र काढत बसली होती.

अरुंधती एका जुन्या वस्तीतला चढ चढत होती. उंच भिंती, भिंतींवर विजेच्या तारा, आत बंगले. प्रत्येक फाटकाशी कुत्रं भुंकत होतं. इथली कुत्रीही आपल्या शेजारीणबाईंसारखीच, नवा माणूस दिसला की सुरू, असं ती म्हणाली. शिरीषला हसू आलं.

कुकरची शिट्टी झाली. ती थांबली तेव्हा त्याच्या लक्षात आलं...

कुत्र्यांचा आवाज बंद झाला होता.

हळूहळू नाही. सगळीकडचा एकदम.

फक्त अरुंधतीच्या बुटांचा आवाज येत होता, खडीवर पडणाऱ्या पावलांचा. शिरीषला ते आवडलं नाही. त्यानं तिला सांगितलं, सरळ जा, दोनशे मीटरवर मोठा रस्ता आहे, तिथे टॅक्सी मिळेल.

"बरं, डावीकडे," ती म्हणाली.

"डावीकडे नाही. सरळ."

"हो हो, वळलेच बघा."

निळा ठिपका डावीकडे वळला.

नेटवर्कचा घोळ असेल, असं त्याला वाटलं. तो मोठ्यानं बोलला. मग अजून मोठ्यानं. ती चालतच राहिली. मध्येच तिनं विचारलं, वल्लरीची पोहायला जायची बॅग भरलीत का. शिरीष उत्तर द्यायला तोंड उघडणार...

त्याच्या आधीच ती हसली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. मला वाटलंच होतं तुम्ही विसरणार."

शिरीष काहीच बोलला नव्हता.

ती बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. समोरचा माणूस बोलत असताना आपण जेवढं थांबतो तेवढंच थांबायची. त्या मधल्या जागेत शिरीषला काहीही ऐकू येत नव्हतं. साधी खरखरसुद्धा नव्हती.

"अरुंधती, मी बोलत नाहीये. ऐक माझं. तो मी नाहीये."

"आलेच हो," ती म्हणाली, "किती घाई करता."

त्याच्या ओरडण्यानं वल्लरी बाहेर आली. ही मुलगी मराठी सगळं समजते पण उत्तर जर्मनमध्येच देते. काय झालं म्हणून तिनं फोन उचलला, स्पीकर बंद करून कानाला लावला. थोडा वेळ ऐकत राहिली. मग बापाकडे बघितलं, फोनकडे बघितलं.

"दास बिस्ट या दू, पापा."

म्हणजे, हा तर तूच आहेस, पपा.

तो काय बोलतोय, असं शिरीषनं तिला विचारलं. वल्लरीनं निरागसपणे सांगितलं, तू आईला म्हणतोयस, थोडंच राहिलं, घर आलंच.

त्यानं तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि तिला खोलीत पाठवलं. फोन कानाला लावला. त्याला फक्त अरुंधतीचा श्वास ऐकू येत होता, चढ चढतानाचा.

कॉल तोडावा का? तोडला आणि तिचा फोन पुन्हा लागलाच नाही तर? त्याची हिंमत झाली नाही. त्यानं ऑफिसचा फोन काढून अश्लेषाला लावला, ठिपका कुठे आहे ते पाठवलं, ताबडतोब जा म्हणून विनवलं. तिनं प्रश्न विचारले नाहीत. टॅक्सीनं पंधरा-वीस मिनिटं लागतील म्हणाली.

पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात शिरीष काय करू शकत होता? काहीही नाही. गॅस बंद केला. ओट्याला धरून उभा राहिला आणि ठिपक्याकडे बघत राहिला. ठिपका डावीकडे वळत होता. पुन्हा डावीकडे. नकाशावर तिथे रस्ता दाखवतच नव्हता.

इथे एक सांगायला हवं. अरुंधती त्याला नावानं हाक मारत नाही. पुण्यात शिकलेली, जर्मनीत नोकरी करणारी बाई, पण नवऱ्याला "अहो"च म्हणते. आधी सासूबाईंसाठी म्हणायची, मग चेष्टेत, मग तीच सवय झाली. फोनमध्येसुद्धा त्याचा नंबर "अहो" म्हणूनच आहे. बारा वर्षांत तिनं शिरीष हे नाव उच्चारलं ते एकदाच. लग्नानंतर घरात येताना नणंदांनी दार अडवलं होतं, तेव्हा उखाण्यात.

त्या दुपारी शिरीषला पहिल्यांदा कळलं की "अहो"ला कुणीही ओ देऊ शकतं.

"माझं नाव घे," तो फोनमध्ये म्हणत राहिला. "एकदाच घे. शिरीष म्हण. तुझ्या पाया पडतो, शिरीष म्हण."

ठिपका थांबला.

पावलांचा आवाजही थांबला. आणि मग...

"अगंबाई. तुम्ही इथे?"

आवाजात आनंद होता. विमानतळावर घ्यायला आलेलं माणूस दिसल्यावर होतो तसा साधा आनंद. शिरीष म्हणतो, त्याला सगळ्यात जास्त तेच लागलं. "माझ्यासाठी असलेला तिचा आनंद ती दुसऱ्या कुणाला तरी देत होती, आणि मी ऐकत होतो."

कधी आलात, वल्लरी कुठेय, असं काहीबाही तिनं विचारलं. उत्तरं तिला मिळत होती. मग ती लाजल्यासारखी हसली.

"आता? इथे? काहीतरीच तुमचं." जरा थांबली. "बरं बाई, घेते. नाव घेतल्याशिवाय आत घेणार नाही म्हणता, तर घेते."

शिरीषनं डोळे मिटले. वाटलं, सुटलो. आता ती माझं नाव घेईल.

तिनं घसा साफ केला आणि ठसक्यात म्हटलं,

"तांबड्या मातीच्या वाटेवर पावलं माझी थकली,
...रावांचं नाव घेते, दाराशी तुमच्या टेकली."

नाव अगदी स्पष्ट ऐकू आलं.

ते शिरीष नव्हतं.

त्यानंतर एक आवाज आला. कडी काढल्याचा. जुनं, जड दार आत ढकललं जातं तसा. आणि कॉल बंद झाला.

पुढची अकरा मिनिटं कशी गेली ते त्याला आठवत नाही. वल्लरी सांगते, पपा फरशीवर बसले होते.

अश्लेषाचा फोन आला. अरुंधती सापडली होती. धडधाकट होती, कुठे खरचटलेलंही नव्हतं. शिरीष फोनवरच रडला.

अश्लेषानं बाकीचं नंतर सांगितलं. ठिपक्याच्या जागी घर नव्हतंच. वाळलेलं गवत वाढलेला एक मोकळा प्लॉट, आणि मधोमध चार दगडी पायऱ्या. वर काही नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर अरुंधती बसली होती, कानात इअरफोन तसेच. बूट मात्र पायात नव्हते. खालच्या पायरीशी जोडीनं नीट काढून ठेवले होते.

घरात जाताना आपण काढतो तसे.

अरुंधतीला विचारलं तर ती म्हणाली, चढानं दमले म्हणून टेकले. यांच्याशी छान गप्पा मारत होते, मग नेटवर्क गेलं. फोनमध्ये एकच कॉल दिसत होता. बावन्न मिनिटांचा. "अहो".

सोमवारी सकाळी फ्रँकफर्टला शिरीष आणि वल्लरी तिला घ्यायला गेले. तीच अरुंधती. तेच हसणं, तोच गजर बंद करून पुन्हा झोपणं, आमटीला हात तोच. डॉक्टरांनी तपासलं, थकवा आहे म्हणाले. खरं काय झालं ते शिरीष त्यांना सांगणार तरी कसा?

तिसऱ्या दिवशी त्यानं धीर केला. सहज बोलल्यासारखं म्हणाला, एकदा माझं नाव घे ना.

ती हसली. मग तिचं हसू थांबलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ओठ किंचित हलले, पण आवाज आला नाही.

"दूध उतू जाईल," असं म्हणून ती आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

ते दुसरं नाव कोणतं, हे मी शिरीषला विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. घराबाहेर कुठेही ते उच्चारायचं नाही, घरात तर नाहीच, एवढंच म्हणाला. मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ऐकायचंही नव्हतं.

गेल्या महिन्यात त्याचा मला फोन आला. खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलत होता. रविवारची दुपार होती. वल्लरी मैत्रिणीकडे गेलेली, घरात दोघंच होते. तो हॉलमध्ये होता, अरुंधती स्वयंपाकघरात. तिनं नेहमीसारखी हाक मारली.

"अहो..."

"आलो," म्हणत तो उठला.

ती हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. त्याच्याकडे बघून, अगदी प्रेमानं, वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली,

"तुम्हाला नाही."