सहा की तीन?

राजारामपुरीतल्या सायबर कॅफेचा प्रिंटर त्या दिवशी गोंधळला, आणि बरंच झालं. दानेश्वरीनं क्वांटम संगणकावरचा चौदा पानांचा शोधनिबंध छापायला दिला होता. बाहेर आली अठ्ठावीस पानं. जास्तीच्या पानांवर शेजारून एक हात पडला.

"ओ मॅडम, ती माझी हायेत."

तिनं वर बघितलं. भिजलेला शर्ट, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि वर ऐटीतलं हसू!

"अख्ख्या कोल्हापुरात हे वाचणारी मी एकटीच आहे," ती म्हणाली.

"कालपर्यंत असाल. आता दोघं हाय की."

तो विजयसिंह. मुरगूडचा, इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवणारा. ती शिरोळची, विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणारी. साल होतं २००४. खरा क्वांटम संगणक दोघांनीही पाहिला नव्हता, पण त्यानं काय अडतंय? तिनं कागदावर गणित मांडायचं, त्यानं साध्या संगणकाला त्या गणिताबरहुकूम चालवणारा प्रोग्राम लिहायचा, असं ठरलं. तिचे मार्गदर्शक शशिधर सर यांनीही मान डोलावली. दर शनिवारी प्रयोगशाळेत बैठक.

ती खडू घेऊन तासभर बोलायची. तो चष्मा पुसत ऐकायचा आणि शेवटी बिनदिक्कत म्हणायचा, "कळलं न्हाय. परत सांगा." न कळल्याची लाज न वाटणारा पुरुष दानेश्वरीनं पहिल्यांदाच पाहिला होता. शनिवार तिला फारच छोटे वाटू लागले...

घोडं अडलं ते पहिल्याच चाचणीत. तीन क्यूबिट, क्वांटम संगणकाचे मूळ अंक; प्रत्येक शून्य नाहीतर एक. म्हणजे आठ शक्यता, आणि त्यातलं बरोबर उत्तर एकच. तिच्या गणितानं ते आलं सहा. त्याच्या प्रोग्रामनं तीन. बरोब्बर निम्मं! कुणीतरी दोननं गुणायचं विसरलंय, असं दोघंही धरून चालली, आणि ती चूक प्रत्येकानं दुसऱ्याच्याच कामात शोधली. तब्बल तीन आठवडे. अखेर शुक्रवारी सर वैतागले.

"उद्या दुपारपर्यंत एक उत्तर द्या. न्हाईतर हे जोडकाम बंद. आपापलं वेगळं लिहा."

वेगळं... दानेश्वरीला तो शब्द फार लागला. हे दुःख गणिताचं नव्हतं, हे तिला लख्ख कळलं.

"आधी दूध पिऊ, मग भांडू," म्हणत विजयसिंहनं तिला संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेलं. पिराजी गवळ्यानं डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळते पेले हातात दिले. तिनं एक संपवला, त्यानं दोन.

"तुमचा प्रोग्रामच चुकतोय," रिकामे पेले फळीवर ओळीनं मांडत ती म्हणाली. "हे तीन क्यूबिट. उताणा म्हणजे शून्य, पालथा म्हणजे एक. उत्तरात पहिला आणि दुसरा पालथा, तिसरा उताणा."

"व्हय की! माझंबी तेच येतंय."

"मग करा बघू पालथे."

बोलता बोलता तिनंही हात घातला. तिनं डावीकडचा पेला पालथा केला, त्यानं उजवीकडचा. आणि मग दोघांची बोटं एकदमच मधल्या पेल्यावर आली.

"पहिला इकडून असतो," ती पुटपुटली.

"तिकडनं कसा? एकक, दशक... मोजणी उजवीकडनंच सुरू हुतीया की."

"आणि मी वाचते तसं मोजलं. डावीकडून. म्हणून माझं एक-एक-शून्य, म्हणजे सहा. तुमचं शून्य-एक-एक, म्हणजे तीन!"

चुकलं कुणीच नव्हतं! बोटं मात्र अजून मधल्या पेल्यावरच होती, आणि ती काढायची घाई कुणालाच नव्हती.

"पेलं द्या की पावणं! गिऱ्हाईक खोळंबलंय," पिराजी ओरडला, तेव्हा कुठं बोटं सुटली.

शनिवारी त्यानं प्रोग्रामातली एक ओळ बदलली. उत्तर आलं सहा. सरांनी कागदावर सही ठोकली.

"झालं. उत्तर जुळलं, काम संपलं. आता आपापल्या वाटेनं जायला मोकळे."

विजयसिंहचा चेहरा पडला. पुसलेलाच चष्मा तो पुन्हा पुसू लागला. दानेश्वरी मात्र जागची हलली नाही.

"संपलं कसं, सर? हे तीन क्यूबिटचं झालं. पाचचं राहिलंय."

सरांनी आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. मिशीतल्या मिशीत हसत ते म्हणाले, "बरं. चालू द्या."

जिन्यात विजयसिंहनं तिला गाठलं.

"पाचचं कधी ठरलं ओ?"

"आत्ता." ती थांबली, वळली. "मला तू आवडतोस, विजयसिंह. माझ्या आप्पांना मी सांगते. तुझ्या घरचं तू बघ."

त्याची एक पायरी चुकली. कठडा धरून तो कसाबसा सावरला.

"हेच... हेच मी तीन आठवडं सांगायचं म्हणतोय, आणि धाडस हुईना! घरचं बघतो की मी. पण... ह्या पाचाच्या कामाला वर्षं किती लागतील?"

"सगळी," दानेश्वरी म्हणाली.