ज्याने खिडकी लावली

"माझ्या बाबांना 'नाही' कोण म्हणालं, एवढंच शोधून द्या," मुलगी म्हणाली.

मावशींनी चष्मा वर सरकवला. खासगी चौकशीची कामं करणाऱ्या या बाईंना सगळेच मावशी म्हणत. खरा भाचा मात्र एकच: शेजारी बसलेला, टक्कल पडलेला, त्यांची गाडी चालवणारा.

"नकारावर सही असेल की," भाचा म्हणाला.

"नाही. खाली नुसतं 'कार्यालय'."

तिचे वडील धरणाच्या दरवाजांचे राखणदार होते. जलाशयाच्या काठी घर, पाण्यात उतरणारी पायरी, संध्याकाळी तिथे बसणारी आई. आई गेली, नोकरी संपली आणि काठ सगळ्यांनाच बंद झाला. एकदा त्या पायरीवर बसू द्या, एवढंच बाबांचं मागणं. सुनावणी झाली, नकार आला. थंडी सरायच्या आत बाबा गेले.

"आता त्यांच्या वतीने मला तिथे जायचंय. पण नकार कुणी दिला तेच कळत नाही, मग तो मागे कोण घेणार?"

"सुनावणीहून बाबा काय बोलत बाहेर आले?"

"खुशीत होते. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं त्यांना. म्हणाले, 'भला माणूस आहे गं. वारा लागतोय म्हटलं तर स्वतः उठला, एका दमात खिडकी लावली. खट् झालं आणि वारा गप्प. काम होणार बघ.'"

कार्यालयात उपसाहेबांनी तिघांना सुनावणीच्या खोलीत नेलं. एरवी ती मोठ्या साहेबांची खोली.

"सुनावणी मीच घेतली," ते म्हणाले. "साहेब दौऱ्यावर होते. खोलीत मी आणि यांचे वडील, तिसरं कुणी नाही."

"मग नकार तुमचा?"

"छे! निर्णय कार्यालयाचा असतो."

"म्हणजे भिंतींचा?" मावशींनी विचारलं.

तेवढ्यात जलाशयावरून वारा आला. खिडकीचं दार आपटलं, टेबलावरचे कागद उडाले. उपसाहेबांनी दार ढकललं, खांदा लावला. दार चौकटीत बसेना. टिपणी लिहिणाऱ्या बाई धावत आल्या.

"अहो, स्टूल लावा त्याला! नेहमी तेच करतो ना आपण?"

"बाई, तुम्ही नकार लिहिलात?" मावशींनी कागद गोळा करता करता विचारलं.

"मी काय लिहिणार? आम्ही नुसतं पुढे पाठवतो."

"पुढे म्हणजे कुणाकडे?"

बाईंनी उपसाहेबांकडे पाहिलं. उपसाहेबांनी स्टुलाकडे.

"हा फक्त चेंडू टोलवतोय," भाचा कुजबुजला. "मावशी, उपसाहेबच तो."

"तू आपला गाडी चालव."

मोठे साहेब आले ते घड्याळाकडे बघतच. "मी त्या दिवशी इथे नव्हतोच. सगळी नोंद आहे."

"असेल," मावशी म्हणाल्या. त्यांनी पदर गळ्याभोवती घेतला आणि पायाने स्टूल बाजूला सारलं. "फार वारा येतोय हो."

साहेब बोलता बोलता उठले. दार खालून तळहाताने किंचित उचललं, गुडघ्याने हलकेच टेकवलं. खट्. वारा गप्प.

मुलीने झटकन मान वर केली. तो आवाज तिने बाबांच्या तोंडून ऐकला होता.

"बसा, साहेब," मावशी शांतपणे म्हणाल्या. "खोलीत बाबांखेरीज एकच माणूस होता आणि त्याने एका दमात खिडकी लावली. उपसाहेबांना ती लागत नाही. बाईंना स्टूल लागतं. रोज या खिडकीपाशी बसणाऱ्यालाच तिची खोड माहीत. बाबांना चेहरा दिसणार नव्हता, म्हणून तुम्ही दौरा कागदावर ठेवलात आणि इथे बसलात. सुनावणी घेतल्याचं नाव मात्र उपसाहेबांचं."

उपसाहेब खाली मान घालून म्हणाले, "दर सुनावणीला नाव माझंच घालतात."

"पण लपायचं कशाला?" भाच्याला अजून उमगेना.

"अरे, या कार्यालयाची रीतच तशी. 'हो' म्हणायचं तर सही करावी लागते. 'नाही' म्हणायला कुणीच लागत नाही. मंत्र्याला निदान लोकांच्या दारात मतं मागायला जावं लागतं. यांना कोण विचारणार?"

"मी विचारते," मुलगी म्हणाली. "का?"

साहेबांनी टेबलाची कड धरली. "म्हातारा माणूस. पाय घसरला असता, तर जबाबदारी माझ्यावर आली असती."

"त्या पायरीवर त्यांचा जन्म गेला होता. ते तुम्हाला भला माणूस म्हणत होते. शेवटपर्यंत."

साहेबांची नजर लावलेल्या खिडकीकडे गेली.

"मी म्हणालो 'नाही'," साहेब अखेर म्हणाले. "मीच."

"आता 'हो' म्हणा. आणि सही करा."

त्यांनी पेन काढलं.

पायरी होती तशीच होती, कडेला शेवाळलेली. मावशी आणि भाचा वर गाडीपाशीच थांबले. मुलगी खाली उतरली, बसली. पाण्यावरून वारा आला, गळ्याशी झोंबला. तिने तो लागू दिला.

मग ती थोडी सरकून बसली आणि शेजारी दोघांपुरती जागा ठेवली.