काखेतला कांदा

मंगळवारी सकाळी कामगार आले तेव्हा मिरजेतल्या त्या ड्रोन दुरुस्ती केंद्राचं फाटक बंद होतं. वरच्या पाटीवर अक्षरं उजळली होती: ‘इमारतीला ताप आहे. पुढील सूचनेपर्यंत काम बंद.’

 मागून कोणीतरी शिट्टी मारली आणि सगळेच हसत सुटले. फवारणीचा हंगाम ऐन भरात होता. शेताशेतांतून मोडके ड्रोन येऊन पडत होते आणि महिनाभर कोणी दिवसाउजेडी घरी गेलं नव्हतं. अशात आयती सुट्टी म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन!

हसत नव्हते ते दोघंच. एक व्यवस्थापक रणजित घोरपडे. या माणसाला सुट्टीचं वावडं होतं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही कामावर हजर, अशी त्यांची ख्याती. आणि दुसरी केतकी नाईक. इमारतीच्या भिंती तिनेच वाढवल्या होत्या. वाढवल्या हाच शब्द बरोबर, कारण त्या जिवंत विटांच्या होत्या. विटांच्या मातीत निजलेले जिवाणू असत. भिंतीला तडा गेला की ते जागे होत, चुना तयार करून तडा बुजवत आणि पुन्हा निजत. कामाच्या वेळी भिंत थोडी कोमट लागे, एवढंच. आज मात्र ती तव्यासारखी तापली होती, म्हणून फाटकाने आपणहून कुलूप लावून घेतलं होतं.

“शुक्रवारपर्यंत ताप उतरला नाही, तर औषध फवारून भिंती मारून टाका,” मुख्य कार्यालयाने फोनवर सांगितलं. “साधं सिमेंट लावू.”

 केतकीने सगळ्यांना फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली बोलावलं. “खरं सांगा, भिंतीला कोणी काही दिलंय का?”

भिंतीला महिन्यातून एकदा पातळ केलेली काकवी द्यायची असे. त्यासाठी जेवणाच्या खोलीत एक पितळी नरसाळं बसवलं होतं. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

“मी थोडं ताक वततो,” नेमगोंडा पाटील खाली बघत म्हणाला. “डबा उघडल्यावर शेजारच्याला न देता कसं खायचं, मॅडम?”

“ईदला शीरखुर्मा दिला होता मी,” तबस्सुम मुजावर म्हणाली. “सणासुदीला तिलाच काय म्हणून उपाशी ठेवायचं?”

मग कोणी आमटीची कबुली दिली, कोणी उसाच्या रसाची. शेवटी घोरपडे खाकरले. “संध्याकाळचा अर्धा कप चहा... माझा असतो.”

केतकीला रागवायचं होतं, पण हसू आवरेना. “अजीर्ण झालंय तिला! आता कडक लंघन. कोणी आत पाऊल टाकायचं नाही.”

सुट्टी लांबली. नेमगोंडा पोटभर झोपला. तबस्सुमने लेकीला सायकल शिकवली आणि दोघींनी गुडघे फोडून घेतले. केतकी मात्र कडुलिंबाखाली तापमान दाखवणारा हातातला पडदा घेऊन बसून राही. त्यावर भिंतींचं चित्र दिसे, तापलेली जागा नारिंगी आणि थंड जागा निळी.

घोरपडे पहिल्या दिवशी फाटकाभोवती घिरट्या घालत राहिले. दुसऱ्या दिवशी बायकोने दटावून जेवायला घरी बोलावलं. परतले ते वेगळ्याच तंद्रीत.

“मॅडम, भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली की फुगलेली असते हो. मी विसरलोच होतो.”

गुरुवारी सगळा पडदा निळा झाला आणि फाटक उघडलं. मुख्य कार्यालयाने बजावलं, पुन्हा ताप आला तर विचारायचंही नाही, थेट फवारणी.

अहवाल लिहिण्याआधी केतकीने मागच्या नोंदी चाळल्या आणि तिचा हात थबकला. शेवटचा माणूस बाहेर पडताक्षणीच ताप उतरायला लागला होता. लंघनाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आणि ताप सुरू झाला होता तो नरसाळ्यापाशी नव्हे, तर घोरपड्यांच्या खुर्चीमागे. महिनाभर रोज संध्याकाळी तिथे एक नारिंगी ठिपका उमटायचा आणि ते उठून गेले की विझायचा. सोमवारी ते उठलेच नव्हते. रात्रभर बसले होते आणि पहाटे ते बाहेर पडल्यावरच फाटकाला कुलूप लागलं होतं.

केतकीला शाळेतली एक युक्ती आठवली. काखेत कांदा धरला की ताप चढतो म्हणे, आणि सुट्टी मिळते. भिंतीने हेच केलं असेल? हे कळवलं तर लबाड भिंत कोण ठेवणार? तिने अहवालात ‘अजीर्ण’ एवढंच लिहिलं आणि पाठवून दिला. खोटं लिहिल्याची लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

शुक्रवारी दिवस मावळताना सगळे अजून कामातच होते आणि घोरपडे खुर्चीत. समोर सुट्या केलेल्या ड्रोनचा ढीग होता. केतकीच्या पडद्यावर त्यांच्यामागे ठिपका उमटला. बघता बघता तो ताटाएवढा झाला. केतकी धावतच त्यांच्याकडे गेली.

“साहेब, उठा. घरी जा.”

“आत्ता? एवढं काम पडलंय—”

“तुम्ही बसलात तर हिला मारून टाकतील!”

त्यांनी पडदा पाहिला, मागे वळून भिंतीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग मुकाट्याने डबा उचलला. दाराशी थांबून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “चला रे, पुरे झालं. यापुढे सहाला दिवे बंद. ड्रोन काय, उद्याही मोडकेच असतील!”

टाळ्या पडल्या, डबे खणखणले. साहेब फाटकाशी पोहोचायच्या आत ठिपका विझला.

रिकाम्या दालनात केतकीने भिंतीवर तळवा टेकला. ती माठासारखी गार लागली.

“ढोंगी कुठली,” ती हसून पुटपुटली. “पण खरं सांग बाई, सुट्टी नक्की कोणासाठी मागत होतीस?”